ट्रेनर उडवता आला, आता पहिले युद्धविमान कोणते घ्यावे? (मदत हवी आहे)

कापूसकोंड्या – १४ मे, रात्री ९.४०

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका गावात राहतो. संक्रांतीपासून रेडिओवर चालणारे ट्रेनर (शिकाऊंसाठीचे) मॉडेल विमान उडवत आहे आणि आता ते हाताला इतके बसले आहे की उडवताना कंटाळा येतो. लहानपणापासून स्पिटफायरचे (दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे) वेड असल्याने पहिले युद्धविमान म्हणून तेच घ्यायचे ठरवले आहे. १.२ मीटर पंखविस्ताराची दोन फोमची मॉडेले नजरेत आहेत, एकाची चाके पोटात जातात आणि दुसऱ्याची कायम बाहेर राहतात. या दोघांपैकी कोणते घ्यावे, एवढेच सांगावे. मृग लागला की वावरात पेरणी होईल आणि कापूस निघेपर्यंत उडवायला जागा उरणार नाही, म्हणून ऑर्डर परवापर्यंत द्यायची आहे. कृपया "आधी सिम्युलेटरवर सराव करा" असे कोणी लिहू नये.

टेकडीवरचा – १४ मे, रात्री १०.०५

भाऊ, तुमचा ट्रेनर तीन चॅनेलचा आहे की चार? म्हणजे त्याला एलेरॉन (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आहेत की केवळ रडरवर (शेपटीच्या उभ्या पट्टीवर) वळतो? उतरवता कुठे? रेडिओ (हातातला रिमोट) कोणता आहे, आणि नव्या विमानासोबत रिसीव्हर (विमानातला संदेश पकडणारा भाग) मिळणार आहे की तो वेगळा घ्यावा लागणार आहे? हे कळल्याशिवाय दोघांतले एक सांगणे म्हणजे माती न पाहता बियाणे सुचवण्यासारखे होईल.

खळ्यातला_हवाईतळ – १४ मे, रात्री १०.३०

दोन्ही घेऊ नका. टी-२८ ट्रोजन घ्या. त्याचे पंख खाली असले तरी ते टोकांकडे पुरेसे वर झुकलेले असतात, चाकांमधले अंतर मोठे असते आणि पुढे नाकाखाली चाक असल्यामुळे उतरल्यावर ते सरळ धावते. मी स्वतः ट्रेनरनंतर थेट एका सुंदर स्पिटफायरवर उडी मारली होती. तिसऱ्या उड्डाणात उतरण्यासाठी वळताना त्याने डावा पंख टाकला (तो पंख अचानक खाली गेला) आणि ते शेजाऱ्याच्या तुरीच्या काडांत शिरले. नाकापासून कॉकपिटपर्यंतचे तुकडे मी घमेल्यात भरून घरी आणले.

जुनी_विमाने – १४ मे, रात्री ११.१५

टी-२८ ला युद्धविमान म्हणणे मला पटत नाही. १९४९ साली पहिल्यांदा उडालेले ते अमेरिकेचे प्रशिक्षण विमान आहे. पुढे त्याला शस्त्रे लावली गेली, हे खरे, पण ज्या माणसाला स्पिटफायर हवे आहे त्याच्या हाती ट्रोजन देणे म्हणजे पुरणपोळी मागणाऱ्याला पराठा वाढणे. त्यापेक्षा हॉकर हरिकेन पाहावे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. मॉडेलच्या दृष्टीनेही त्याचा पंख जाड आहे आणि चाके आतल्या बाजूला मिटत असल्याने उघडल्यावर ती एकमेकांपासून लांब राहतात. स्पिटफायरचे नेमके उलटे आहे. त्याच्या चाकांचे पाय धडाजवळ जोडलेले असून बाहेरच्या बाजूला मिटतात, त्यामुळे जमिनीवर ते अरुंद पायांवर उभे असते आणि जरा आडवा वारा आला की कलंडते.

खळ्यातला_हवाईतळ – १४ मे, रात्री ११.३२

इतिहास मान्य आहे, परंतु हरिकेनला शेपटीखाली चाक असते. उड्डाणासाठी थ्रॉटल (मोटरचा जोर) वाढवला की ते डावीकडे ओढते, तेव्हा उजवा रडर हलक्या हाताने द्यावा लागतो आणि धावताना शेपूट खाली धरून ठेवावे लागते. ट्रेनरवर रडरला हातही न लावणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

कापूसकोंड्या – १५ मे, सकाळी ६.५०

मी दोन पर्याय विचारले होते, त्यांचे उत्तर अजून एकानेही दिलेले नाही. तरीही सांगतो. ट्रेनर चार चॅनेलचा आहे, एलेरॉन आहेत, पंख वरचा आहे. पंखविस्तार १.४ मीटर आणि वजन बॅटरीसह एक किलो. रेडिओ सहा चॅनेलचा असून नव्या विमानासाठी त्याच कंपनीचा रिसीव्हर मागवणार आहे. उतरवतो आमच्याच वावरात, दुसरे कुठे उतरवणार?

गणिताचे_मास्तर – १५ मे, सकाळी ८.२०

ट्रेनरच्या पंखाची रुंदी साधारण २१ सेंटिमीटर धरली तर क्षेत्रफळ २९ चौरस डेसिमीटरच्या आसपास येते, म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर सुमारे ३४ ग्रॅमचा भार पडतो. तुम्ही पाहत असलेले स्पिटफायर १३०० ग्रॅमचे आणि पंख २५ चौरस डेसिमीटरचा असेल, तर तोच भार ५२ ग्रॅम होतो. ज्या वेगाखाली विमान हवेत टिकत नाही तो वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पंखांची घडण सारखी धरली तरी तो २४ टक्क्यांनी वाढला. शिवाय तुम्ही शिकलात जानेवारीच्या २० अंशांत आणि हे उडवणार ४३ अंशांत. तापलेली हवा सुमारे ७ टक्के विरळ असते, त्यामुळे आणखी ४ टक्के धरावेत. ट्रेनर ताशी २७ किलोमीटरला हवेत टिकेनासा होत असेल, तर हे विमान ताशी ३५ लाच टिकेनासे होईल. उतरताना घाबरून विमान ६० अंशांपर्यंत कलवून उंची न सोडता वळलात, तर हा आकडा आणखी ४१ टक्क्यांनी चढतो. खळ्यातल्या भाऊंचा पंख बहुधा तिथेच पडला असावा.

खऱ्या स्पिटफायरचा पंख मुळापाशी अधिक २ अंश आणि टोकाशी उणे अर्धा अंश असा पिळलेला होता, जेणेकरून टोक शेवटपर्यंत हवा धरून ठेवेल. फोमच्या मॉडेलात हा पीळ आहे की नाही, हे पंख सपाट टेबलावर ठेवून तपासता येते. विकत घेण्यापूर्वी मात्र ते शक्य नसते, ही अडचण आहे.

शेतीमित्र_अकोला – १५ मे, सकाळी ९.१०

शेतकरी बांधवांनी ड्रोनसाठी अनुदानाची माहिती कृषी कार्यालयातून अवश्य घ्यावी. फवारणीचा ड्रोन घेतल्यास कापसावरील फवारणीची मजुरी वाचते आणि औषध अंगावर उडत नाही.

टेकडीवरचा – १५ मे, सकाळी ९.२५

साहेब, त्यांना फवारणी करायची नसून स्पिटफायर उडवायचे आहे. ड्रोनचा विषय निघालाच आहे तर नियमांबद्दल एवढे सांगतो की, ड्रोन नियम २०२१ नुसार छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेले २५ किलोपर्यंतचे मॉडेल वेगळे गणले जाते आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या विमानाला मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही. मात्र आपले शिवार हिरव्या क्षेत्रात (जिथे उडवायला परवानगी लागत नाही) आहे ना, हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर एकदा पाहावे आणि ४०० फुटांच्या वर जाऊ नये.

कापूसकोंड्या, वावर म्हणजे नेमके काय? पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटली आहे का, वखरणी झाली आहे का, भेगा किती रुंद आहेत?

कापूसकोंड्या – १५ मे, दुपारी १.४५

पऱ्हाटी उपटली आहे, वखरणी अर्धी झाली आहे. ढेकळे आहेत आणि भेगांत बोट जाते. ट्रेनर मी चाकांवर उतरवतच नाही, धुऱ्यालगतच्या (बांधालगतच्या) गवतावर पोटावर टेकवतो. त्याची चाके फेब्रुवारीतच मोडली.

पोटावर_उतरणारा – १५ मे, दुपारी २.१०

हे पहिल्याच संदेशात लिहिले असते तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. काळ्या मातीच्या भेगांत पोटात जाणारी चाके पहिल्याच दिवशी मुळासकट उखडतील आणि पंखाचा फोम सोबत घेऊन येतील, हे तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. माझे मत असे की स्पिटफायरच घ्यावे, चाके काढून टाकावीत, हाताने फेकावे आणि गवतावर पोटावर उतरवावे. वजनही शंभर-दीडशे ग्रॅमने उतरते, म्हणजे मास्तरांचे गणितही थोडे सुधारते.

खळ्यातला_हवाईतळ – १५ मे, दुपारी २.४०

हा सल्ला अनुभवी माणसासाठी ठीक आहे. जड नाकाचे विमान एका हाताने फेकायचे, त्याच क्षणी प्रोपेलरच्या उलट्या जोराने ते डावीकडे कलणार, आणि दुसरा हात स्टिकवर पोहोचेपर्यंत ते पायाशी पडलेले असणार. फेकणारा दुसरा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा गावाच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर चाळीस-पन्नास मीटरचा मुरमाड पट्टा शोधावा, दगडगोटे वेचावेत आणि ट्रोजन चाकांवर उतरवावे. ट्रोजनचे पुढचे चाक ढेकळांत मात्र वाकते, हे मी लपवत नाही.

पोटावर_उतरणारा – १५ मे, दुपारी २.५५

तेच म्हणतो आहे मी. चाक वाकणारच असेल तर ते असावेच कशाला?

जुनी_विमाने – १५ मे, दुपारी ४.००

आणखी एक विचार मांडतो. आपल्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे भारतीय प्रशिक्षण विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. त्याचे मॉडेल फोमशीटमधून घरी करता येईल, मोडले तर दुरुस्तीही स्वस्तात होईल आणि मराठी माणसाने घडवलेले विमान उडवल्याचे समाधान वेगळेच असेल.

टेकडीवरचा – १५ मे, सायंकाळी ५.१५

एचटी-२ बद्दल आदर आहे, परंतु उद्या ऑर्डर देणाऱ्याला आराखडा काढायला लावणे बरे नव्हे. कापूसकोंड्या, एकच राहिले: ट्रेनर उडवताना जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण) चालू असतो की बंद?

कापूसकोंड्या – १५ मे, सायंकाळी ६.०५

चालूच असतो. तो बंद कशाला करायचा? विमानासोबत तसाच आला आहे.

गणिताचे_मास्तर – १५ मे, सायंकाळी ६.२०

म्हणजे चार महिने विमान तुम्ही अर्धे उडवले आणि अर्धे जायरोने. उद्या सकाळी वारा उठण्यापूर्वी, भरपूर उंचीवर नेऊन, तो बंद करा. दोन्ही बाजूंनी वळणे घ्या, मग थ्रॉटल कमी करून नाक हळूहळू वर धरा आणि विमान कोणता पंख कधी टाकते ते पाहा. स्पिटफायर पेलणार की नाही हे त्या दहा मिनिटांत आमच्यापेक्षा तुम्हालाच अधिक कळेल.

कापूसकोंड्या – १६ मे, सकाळी ८.३५

सहा वाजता गेलो होतो. वर असताना दोनदा डावा पंख टाकला आणि दोन्ही वेळा सावरला. उजवीकडे वळताना नाक खाली जाते, हे मला आजवर माहीतच नव्हते. नंतर धुऱ्यावर उतरवताना विमान हळू वाटले म्हणून नाक वर ओढले, तेव्हा ते एका बाजूला घसरून बोरीच्या झुडपात पडले. डावा पंख मधोमध चिरला आहे, बाकी ठीक आहे. स्पिटफायरची ऑर्डर थांबवली आहे. ई-क्लासमधला एक पट्टा चुलतभावासोबत पाहून आलो, गुरे बाहेर असली की मोकळा असतो. आता ट्रोजनचा विचार करतो आहे, पण जायरो बंद ठेवून ट्रेनर नीट उतरला तरच. पंख ग्लू गनने चिकटवून अंगणात वाळत ठेवला आहे.

टेकडीवरचा – १६ मे, सकाळी ८.५०

भाऊ, तो आधी उन्हातून उचला. दुपारच्या उन्हात ग्लू गनचा गोंद मऊ पडतो आणि जोड उघडतो. फोम ईपीओ (चिवट, लवचिक फोम) असेल तर सीए (क्षणात चिकटणारा) गोंद चालतो, साधा थर्माकोल असेल तर तोच गोंद फोम खाऊन टाकतो, म्हणून आधी एका कपच्यावर थेंब टाकून पाहा. बॅटरीही अंगणात नसावी, माठाजवळच्या थंड कोनाड्यात ठेवावी.

कापूसकोंड्या – १६ मे, सकाळी ९.१०

उचलला. धन्यवाद. आणखी एक, ट्रोजनला माझी जुनी बॅटरी चालेल ना?

टेकडीवरचा – १६ मे, सकाळी ९.१२

जुनी म्हणजे किती सेलची?