मदत हवी आहे: एकाच पृथ्वीवरून जीवसृष्टीची संभाव्यता कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

मी दहावीला गणित-विज्ञान शिकवते. संभाव्यतेच्या तासाला एका मुलाने विचारलं, "बाई, दुसरीकडे कुठे जीव असण्याची संभाव्यता किती?" प्रश्न इतका आवडला की धडा बाजूला ठेवून खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांचं 1961 सालचं समीकरण फळ्यावर लिहिलं; आपल्या आकाशगंगेत संपर्क साधता येईल अशा किती संस्कृती असतील, याचा अंदाज त्याने बांधतात. सात अवयवांचा गुणाकार. ताऱ्यांचे आणि ग्रहांचे आकडे सांगता आले. 1995 मध्ये 51 पेगासी ताऱ्याभोवती ग्रह सापडला, त्यानंतर असे हजारो सापडलेत. चौथ्या अवयवाशी मात्र अडले: योग्य ग्रहांपैकी किती ग्रहांवर जीव निर्माण होतो?

मी म्हटलं, पृथ्वी सुमारे 454 कोटी वर्षांची. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातल्या खडकांत सुमारे 350 कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांच्या खुणा आहेत. जीव एवढ्या लवकर आला, म्हणजे ते फार अवघड नसावं.

तासासाठी मी पिशवीत चिंचोके आणले होते, काही एका बाजूने घासून पांढरे केलेले. मागच्या बाकावरची मुलगी त्यातला एक हातात घेऊन म्हणाली, "बाई, एकच काढला, तो घासलेला निघाला. त्यावरून पिशवीतल्या बाकीच्यांचं कसं सांगायचं? आणि आपणच हा चिंचोका असलो तर?"

घरी येऊन विचार केला. पहिल्या सूक्ष्मजीवापासून माणसापर्यंत यायला 350 कोटी वर्षं लागली. जिथे जीव उशिरा आला, तिथे प्रश्न विचारणारं कोणी अजून तयारच झालं नसेल. मग 'लवकर आला' या पुराव्याला वजन किती द्यायचं? बेझचा सिद्धांत (नवा पुरावा मिळाला की संभाव्यता किती बदलायची, याचा नियम) न वापरता हे दहावीला कसं समजावता येईल?

दुसरं, शनीच्या एन्सेलाडस चंद्रावरून उडणाऱ्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला हायड्रोजन सापडला, आणि त्या फवाऱ्यांतून बाहेर पडलेल्या बर्फाच्या कणांत फॉस्फेटही आढळलं; दोन्ही जीवांना उपयोगी पडणारे पदार्थ. उद्या तिथे जीव सापडला तर गणित किती बदलेल? मंगळावर सापडला तर तो उल्कांबरोबर पृथ्वीवरूनच गेला असेल ही शंका राहते. मग दोन्हींचं वजन वेगळं धरायचं ना?

'विश्व एवढं मोठं आहे, म्हणजे असणारच' हे उत्तर कृपया नको. मी वर्गात तेच दिलं. पण मोठ्या संख्येला अज्ञात, कदाचित अतिशय लहान संख्येने गुणलं तर उत्तर काहीही येऊ शकतं, आणि ती मुलगी खाली बसली तरी तिचं समाधान झालेलं नव्हतं.

चिंचोक्यांनीच करता येईल असा एखादा प्रयोग कोणी सुचवला तर फार बरं होईल. शनिवारी पुन्हा तोच वर्ग आहे.