आईचं फॉस्फरस १.८ आलंय, खाण्यात काय चुकत असेल?

साताऱ्याची_लेक
आईचं वय ६१. दोन-तीन महिन्यांपासून जिना चढताना मांड्यांत त्राणच राहत नाही म्हणते, कंबर आणि बरगड्या दुखतात. वयाचं दुखणं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. परवा रक्त तपासलं तर सीरम फॉस्फरस १.८ निघालं, मर्यादा २.५ ते ४.५ लिहिली आहे. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन ठीक. मधुमेह नाही.

डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. तोवर माहिती शोधायला बसले तर जिथे तिथे 'फॉस्फरसवाले पदार्थ टाळा' एवढंच सापडतंय. आमचं तर उलट आहे ना?

तिचं जेवण सांगते. सकाळी चहा, दुपारी एक ज्वारीची भाकरी, पातळ वरण, एखादी पालेभाजी. चातुर्मासात एकभुक्त असते, त्यामुळे रात्री काही नाही. पित्त होतं म्हणून दही आणि शेंगदाणे वर्षभर बंद आहेत. दूध फक्त चहापुरतं. अंडी-मासे घरात नाहीत. एवढ्याने फॉस्फरस इतकं उतरतं का? काय द्यायला सुरुवात करू?

मोडाची_मटकी
ताई, त्या याद्या किडनीच्या रुग्णांसाठी असतात. त्यांचं फॉस्फरस चढतं म्हणून त्यांना टाळायला सांगतात. तुम्ही तीच यादी घ्या आणि खायची म्हणून वाचा: दूध, दही, ताक, पनीर, डाळी, मटकी, हरभरे, शेंगदाणे, तीळ, राजगिरा. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ३७५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतं, पेलाभर दुधात २०० च्या आसपास.

धान्य-डाळींतलं बरंचसं फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेलं असतं आणि ते सोडवणारं विकर आपल्या आतड्यात जवळजवळ नसतंच. म्हणून भिजवणं, मोड आणणं, आंबवणं याला महत्त्व आहे. मटकीला बोटाच्या पेराएवढे मोड येऊ द्या, पीठ रात्रभर आंबू द्या. उपासाला नुसत्या साबुदाण्यावर राहू देऊ नका. तो निव्वळ पिष्ट आहे, त्यात फॉस्फरस नावापुरतंच.

पाटणचा_दादा
कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं म्हणतात. रोज एक बाटली दिली तर?

वॉर्डातली_सिस्टर
दादा, नको. ६१ वर्षांच्या, पित्ताचा त्रास असलेल्या बाईला तर अजिबात नको. साखरच जास्त जाईल.

साताऱ्याची_लेक, मी २२ वर्षं मेडिसिन वॉर्डात आहे. फक्त कमी खाल्ल्यामुळे फॉस्फरस एवढं घसरलेलं मी क्वचितच पाहिलंय, कारण ते जवळजवळ प्रत्येक अन्नात असतं आणि कमी मिळालं की किडनी ते लघवीतून जाऊ देत नाही. तेव्हा आई काय खात नाहीत हे बाजूला ठेवा. जेवणासोबत पोटात दुसरं काय जातंय ते पाहा. त्या पित्तावर काय घेतात?

साताऱ्याची_लेक
सिस्टर, तुम्ही विचारल्यावर उठून देवघराशेजारच्या फडताळात बघितलं. बडीशेपेच्या चवीचं पांढरं घट्ट औषध, झाकणाभोवती वाळून खपली धरलेली. तिच्यामागे आणखी तीन रिकाम्या बाटल्या. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दिलं होतं, तेव्हापासून स्वतःच आणवते. जेवल्यावर दोन चमचे, झोपताना दोन, मध्ये जळजळलं तर आणखी. वर कॅल्शियमची गोळीही जेवणासोबतच.

वॉर्डातली_सिस्टर
बाटलीवर वाचा, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं असेल. हे दोन्ही आतड्यात फॉस्फेटला, म्हणजे अन्नातल्या फॉस्फरसलाच, धरून ठेवतात आणि ते शौचावाटे निघून जातं. कॅल्शियमही जेवणासोबत घेतलं की तेच करतं. किडनीच्या रुग्णांचं चढलेलं फॉस्फरस उतरवायला अशीच औषधं जेवणासोबत देतात! आईंच्या ताटात आधीच थोडं, त्यातलंही हे औषध काढून घेतंय.

बाटली पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, नुसतं 'पित्ताचं औषध' सांगू नका. ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन आणि लघवीतलं फॉस्फेट तपासायचं का, ते विचारा. लघवीत फॉस्फेट जात असेल तर गळती किडनीतून आहे आणि कारण वेगळंच. गेल्या काही आठवड्यांत शिरेतून लोह दिलं असेल तर तेही सांगा, काही प्रकारच्या लोहाने फॉस्फेट उतरतं. फॉस्फेटची पावडर स्वतःहून आणू नका. श्वास लागला, गोंधळल्यासारखं वाटलं तर गुरुवारची वाट न पाहता दवाखाना गाठा.

नाशिकची_सून
उपासाचं मीही सांगते. सासऱ्यांनी नवरात्राचे नऊ दिवस फक्त पाण्यावर काढले आणि दसऱ्याला थेट श्रीखंड-पुरी. तिसऱ्या दिवशी हात उचलवेना. दवाखान्यात सांगितलं की रिकाम्या शरीरात एकदम साखर गेली की इन्सुलिन फॉस्फेटला पेशींत ओढून नेतं आणि रक्तातलं झर्रकन उतरतं. घरात कुणी कडक उपास करत असेल तर सोडताना पेज, ताक असं थोडं थोडं, आणि फार दिवस झाले असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

साताऱ्याची_लेक
गुरुवारी जाऊन आलो. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन तिला विचारलं, "आई, महिन्याला किती लागतात?" ती म्हणाली, "चार." मी तिच्या शेजारी बसले होते आणि मला ते ठाऊकच नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

औषध बंद, पित्तासाठी दुसरी गोळी. आज लघवीचा रिपोर्ट आला: फॉस्फेट अगदी कमी, म्हणजे किडनी धरून ठेवतेय. ड जीवनसत्त्व १७, तेही कमीच, त्याचा कोर्स सुरू. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. रात्री थोडं खायला ती तयार झाली आहे, पण आंबवलेलं हलकं काहीतरी हवं म्हणते.

मोडाची_मटकी
आंबोळ्या करा. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या, सहा तास भिजवून वाटायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. पित्ताला चालणार असेल तर सोबत ताजं, आंबट नसलेलं दही.