कोळंबीच्या फ्लाय: मासा मागे येतो पण घेत नाही, वजन बघू की रंग?

उथळपाणी:
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यात फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेल्या नकली खाद्याने (फ्लायने) मासे धरणं, बरीच वर्षं केलं, आता खाऱ्या पाण्याकडे वळलोय. ८ वेटचा (वजनाच्या लाईनचा) रॉड, तरंगणारी लाईन आणि तिच्या टोकाला ९ फुटी लीडर, म्हणजे बारीक दोरी, वापरतो. उथळ वाळूवर तळाशी चरणारे मासे धरायचे आहेत, त्यातही बोनफिश हा चंदेरी मासा. कोळंबीच्या फ्लायचा तयार डबा घेतलाय. त्यात क्रेझी चार्ली, गॉचा, मॅन्टिस श्रिम्प, स्पॉनिंग श्रिम्प सगळं आहे, पण कधी कुठली काढायची ते उमगत नाही. मासा फ्लायच्या मागे येतो, अगदी जवळ येऊन थांबतो आणि वळून निघून जातो. गुलाबी, पांढरी, तपकिरी, सगळ्या लावून पाहिल्या, फरक नाही. फ्लाय टाकल्यावर लाईन कशी ओढायची याबद्दलही एकमत दिसत नाही. कुणी लहान झटके सांगतं, कुणी लांब आणि सावकाश. शिवाय स्पॉनिंग श्रिम्पवर जो नारिंगी ठिपका असतो त्याला काही आधार आहे का?

गळकर:
रंग सध्या बाजूला ठेवा. डबा उघडलात की आधी फ्लायचे डोळे बघा, कारण तिचं वजन तिथे असतं. शिशाचे डंबेल डोळे भरभर बुडतात, मण्यांच्या साखळीचे मध्यम गतीने, आणि जाड नायलॉनचं टोक वितळवून केलेले डोळे जवळजवळ वजनाचेच नसतात. मांडीभर पाण्याला पहिले, गुडघाभर पाण्याला दुसरे, आणि घोटा जेमतेम बुडेल तिथे तिसरे. माझ्या डब्यात एकच फ्लाय तिन्ही वजनांत बांधलेली असते. दहा रंगांपेक्षा मला ते जास्त उपयोगी पडतं.

वजनावर एवढा भर का, ते सांगतो. बोनफिशचं तोंड खालच्या बाजूला असतं. तो डोकं खाली घालून तळातलं उकरून खातो, म्हणून तर उथळ पाण्यात त्याची शेपटी वर दिसते. कोळंबीही घाबरली की तळाकडेच जाते, वाळूत नाहीतर गवतात शिरते. तुमची फ्लाय तळापासून वीतभर वर तरंगत असेल तर मासा कुतूहलाने मागे येणार, पण ती खाली जात नाही हे दिसलं की वळणार. तुम्ही जे वर्णन केलंय ते मला नेमकं हेच वाटतं. अंदाज घ्यायचा तर पायाशी फ्लाय सोडा आणि तळ गाठायला किती आकडे लागतात ते मोजा. तेवढाच वेळ माशासमोर द्यायचा असतो, त्यामुळे फ्लाय त्याच्या वाटेवर पुढे पडली पाहिजे. आणि जड फ्लाय शांत, उथळ पाण्यात टपकन पडली तर मासा खाण्याऐवजी पळून जातो, तेव्हा वजन वाढवतानाही जपून.

डोळे गळाच्या दांडीच्या वरच्या अंगाला बांधलेले असतात, तेही मुद्दाम. त्या भाराने फ्लाय पाण्यात उलटते आणि गळाचं टोक वर राहतं. मग ती वाळूत, प्रवाळात अडकत नाही. क्रेझी चार्लीत हेच आहे. ती १९७० च्या दशकात बहामाजमधल्या अँड्रॉस बेटावर बॉब नॉहाइम यांनी तिथले गाईड चार्ली स्मिथ यांच्यासोबत मासे धरताना घडवली. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की तिची मूळ कल्पना कोळंबीची नव्हतीच, लहान पारदर्शक मासोळीची होती. तरी आज लोक ती कोळंबी म्हणून टाकतात आणि मासे घेतात. अंगावर फार पसारा नाही, बुडणं बरोबर, टोक वर. एवढ्यावर ती टिकून आहे.

आता ओढण्याचं. कोळंबी पोटाखालच्या पायांनी सावकाश पुढे पोहते. जीव वाचवायचा असला की शेपटी पोटाशी दुमडून सपकन मागे उसळते, आणि लगेच थांबते. मॅन्टिस आणि स्पॉनिंग श्रिम्पमध्ये मिश्या आणि काळे डोळे गळाच्या वाकाकडे असतात, लाईन बांधतात त्या नेढ्याकडे नाही. म्हणजे तुम्ही लाईन ओढता तेव्हा कोळंबी मागे पळताना दिसते. दोन्ही सल्ले खरे आहेत, फक्त वेळ वेगळी. मासा दिसेपर्यंत फ्लाय तळावर पडू द्या. तो जवळ आला की वीतभर एकच झटका द्या, वाळूचा धुरळा उठेल, आणि पुन्हा खाली बसू द्या. त्यावर मासा झुकला, शेपटी वर आली, की झटके बंद. तिथून लांब, सावकाश ओढ. ताण लागला तर मासा तोंडात घेऊन आहे.

नारिंगी ठिपक्याला आधार आहे. कॅरिडियन गटातल्या छोट्या कोळंब्यांची मादी अंडी पोटाखाली चिकटवून घेऊन फिरते. मोठ्या, पेनिइड गटातल्या कोळंब्या मात्र अंडी थेट पाण्यात सोडतात. म्हणून तो ठिपका मला लहान फ्लायवर, ६ किंवा ८ नंबरच्या गळावर पटतो. मोठ्या फ्लायवर तो खुणेसारखा चमकतो एवढंच. मॅन्टिस श्रिम्प खरं तर कोळंबी नव्हेच, वेगळ्या गणातला प्राणी आहे. तो बिळात राहतो, त्यामुळे ती फ्लाय वाळू आणि गवत यांच्या सीमेवर जास्त शोभते.

उथळपाणी:
गळकर, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पायाशी सोडून पाहिलं. माझ्या बहुतेक फ्लाय साखळीच्या डोळ्यांच्या आहेत आणि मी मांडीभर पाण्यात त्याच टाकत होतो, तळ गाठण्याआधीच ओढत होतो. आता एक विचारतो. वाळू संपून गवत सुरू होतं तिथे फ्लाय गवतात गडप होते. तिथे काय करायचं?

हिरवट:
गवतात मी जड फ्लाय बांधतच नाही. ती पात्यांच्या मुळाशी जाते आणि माशाला दिसतच नाही. वितळवलेल्या नायलॉनचे डोळे, रंग ऑलिव्ह किंवा तपकिरी, आणि गळाचं टोक गवतात अडकू नये म्हणून त्याच्यापुढे ताठ नायलॉनचा दांडा. अंगावर हरणाच्या केसांचा गुच्छ कापून घेतला की फ्लाय पात्यांवर टेकून हळूहळू उतरते. रंगाबाबत मी गळकरांपेक्षा थोडी वेगळी आहे. पांढऱ्या वाळूवर फिकट, गवतावर गडद, हा नियम मी कधी सोडत नाही, कारण तिथली खरी कोळंबी तशीच असते. उघड्या वाळूवर गडद फ्लाय बघून मासा बिचकताना मी पाहिलाय.

रातपाळी:
हे सगळं दिवसाचं झालं. रात्री धक्क्यावरच्या दिव्याखाली हिशेब उलटा आहे. ओहोटीच्या प्रवाहात कोळंब्या वरच्या थरात वाहत जातात, टॉर्च मारली तर त्यांचे डोळे नारिंगी चमकतात. फ्लोरिडात स्नूक मासे अशाच दिव्याच्या कडेला, सावलीत उभे असतात. तिथे बिनवजनाची, फिकट, बोटाच्या दोन पेरांएवढी फ्लाय वरच्या बाजूला टाकायची आणि प्रवाहाच्या गतीने वाहू द्यायची. ओढायचंच नाही, फक्त ढील घेत राहायचं. गोड्या पाण्यात निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिलासारखी फ्लाय, वाहती सोडायची सवय असेल तर उथळपाणी, तुम्हाला हे लगेच जमेल. उजेडात टाकण्यापेक्षा उजेड आणि अंधार मिळतात त्या रेषेवर फ्लाय गेली पाहिजे.

गळकर:
हिरवट, गवतावर रंगाचं तुमचं म्हणणं मान्य. माझा क्रम एवढाच की आधी खोली, मग रंग.

उथळपाणी, दोन गोष्टी राहिल्या. एक, फ्लाय टिपेटला (लीडरच्या टोकाच्या बारीक दोरीला) घट्ट गाठीने बांधू नका, न सरकणाऱ्या फाशाच्या गाठीने बांधा. नेढं मोकळं राहिलं की झटक्यानंतर फ्लाय नेढ्याकडची बाजू खाली करून बुडते, आणि तेच आपल्याला हवंय. १२ पौंड ताण सोसणारी फ्लोरोकार्बनची दोरी उघड्या वाळूवर पुरते, प्रवाळ असेल तर १६.

दुसरं, गोड्या पाण्यातून आलात म्हणून आवर्जून सांगतो. चावा कळताच रॉड वर उचलू नका. रॉडचं टोक खाली, फ्लायच्या दिशेला, आणि डाव्या हाताने लाईन लांब ओढून गळ बसवा. मासा चुकला तरी फ्लाय हातभरच सरकते, तिथेच असते, आणि पुष्कळदा तोच मासा परत झुकतो. रॉड उचललात तर फ्लाय पाण्याबाहेर आणि मासा दुसऱ्या टोकाला. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका. घरी आल्यावर वापरलेल्या फ्लाय गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवूनच डब्यात ठेवा. एक ओली फ्लाय सगळ्या डब्याला गंज लावते.