मदत हवी आहे: आबांचा फोन पंचगंगेत पडला. फोन गेला तरी चालेल, आतली रेकॉर्डिंगं हवी आहेत

दूधकट्टा (शनिवार, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. आज सकाळी आबा (माझे वडील) म्हशी घेऊन घाटावर गेले होते. फोन बंडीच्या खिशात. म्हशीचं पोट घासायला वाकले आणि फोन पाण्यात. कमरेएवढंच पाणी, पण पावसानं गढूळ झालेलं, हात घालून काही दिसेना. पोहायला आलेल्या पोरांतल्या एकानं बुड्या मारून शोधून दिला. आबांच्या हिशोबानं दहा मिनिटं लागली, पोरांच्या हिशोबानं अर्धा तास.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण लपवून सल्ला कसा मागणार. घाटावरच आबांनी फोन धोतराला पुसला आणि बटण दाबलं. थरथरला, कंपनीचं नाव आलं आणि गेलं. घरी आल्यावर, "बॅटरी उतरली आसंल, चार्जिंगला लाव की." भावानं लावला. पाच मिनिटांत पाठ गरम लागायला लागली तेव्हा काढला. मग त्यानं हेअर ड्रायर मारला. शेवटी आईनं ताबा घेतला. "तुम्हांस्नी काय कळत न्हाई, मी ठेवतो तांदळात." घरात तांदूळ कुठला, तर सणासाठी आणलेला आजरा घनसाळ. मी शाहूपुरीतनं कामावरून आले तेव्हा फोन त्या डब्यात होता. आता त्याला वास फार सुंदर येतोय, चालू मात्र होत नाही.

फोन 2021 मध्ये घेतलेला साधा अँड्रॉइड. तो गेला तर नवा घेऊ. अडचण वेगळीच आहे. आबांना लिहायचा कंटाळा. गंगावेशीतलं आणि घरोघरीचं दूध घालून आले की फोनमधल्या रेकॉर्डरवर बोलून ठेवतात: "मास्तरांच्यात दीड लिटर, कोपऱ्यावरच्या वैनी आज नको म्हणाल्या, उद्या पाव्हणं हायत, दोन जास्ती." महिना संपला की मी ते ऐकून वहीत उतरवते. जूनचं माझ्या आळसामुळं राहिलं. जुलैचे अठरा दिवसही त्यातच. सव्वीस घरांची उधारी आहे. फोटो गूगलवर चढलेले आहेत, ही रेकॉर्डिंगं कुठंच नाहीत.

काही आशा आहे का? कोल्हापुरात कुणाकडं नेताना काय विचारावं? आणि सोमवारी नेला तर चालेल का?

सोल्डरगन (रात्री 9:58)

सोमवार नको, उद्या सकाळीच न्या. आत्ता उठून फोन तांदळातनं काढा. सिम आणि मेमरी कार्ड असेल तर तेही काढून पुसून ठेवा. बटण दाबू नका, चार्जर लावू नका, "बघू तरी" म्हणूनही नाही. पाठ फुगलीय का बघा. फुगली असेल किंवा परत तापत असेल तर अंथरुणाजवळ ठेवू नका, फरशीवर मोकळ्यात ठेवा.

मी सांगलीत फोनच्या बोर्डाचं, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीचं, काम करतो. नुसत्या पाण्यानं फोन लगेच मरत नाही. शुद्ध पाण्यातनं वीज फारशी जातच नाही. पाण्यात विरघळलेले क्षार आणि बॅटरीचा दाब (व्होल्टेज) एकत्र आले की खेळ सुरू होतो. फोन बंद दिसला तरी बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते, चार व्होल्टच्या आसपास दाब काही ठिकाणी कायम उभा असतो. त्या दाबानं एका टोकाचं तांबं विरघळून दुसऱ्या टोकाकडं सरकतं, मध्ये हिरवट-पांढरी बुरशी दिसते तशी साय धरते. ती साय पुरेशी वाढली की शॉर्ट. म्हणजे फोन वाळणं हा इलाज नाही. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात. आणि घाटावरच्या पाण्यात माती, साबण, शेण, सगळंच.

2019 च्या ऑगस्टात तुमची पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 असताना. इकडं कृष्णेनंही तेच केलं. नंतर आमच्याकडं पोत्यानं फोन आले. बॅटरी आधीच उतरलेले, चिखलात तीन-चार दिवस पडलेले काही फोन धुतल्यावर उठले. आणि फक्त पावसात भिजलेले, पण घरच्यांनी दिवसातनं दहादा चार्जिंगला लावून बघितलेले, ते कायमचे गेले.

रंकाळा_चौपाटी (रात्री 10:15)

ताई, एवढं घाबरू नका. माझा फोन बाथरूममध्ये पडलेला, तीन दिवस तांदळात ठेवला, आजपण चालतोय. तांदूळ पाणी ओढून घेतो हे साधं आहे.

सोल्डरगन (रात्री 10:31)

भावा, तुझा फोन तांदळाशिवाय टेबलावर ठेवला असतास तरी उठला असता. नळाचं पाणी, दोन सेकंद. तांदूळ बाहेरची हवा थोडी कोरडी करेल, बोर्डावरच्या पत्र्याच्या डब्यांखाली अडकलेलं पाणी तो कुठून ओढणार? उलट त्याची भुकटी चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. ॲपलनंही आपल्या मदतीच्या पानावर फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय, कारण कणांनी फोन बिघडू शकतो. काहीच हाताशी नसेल तर साधा पंखा तांदळापेक्षा बरा. आणि हेअर ड्रायरनं पाणी बाहेर येत नाही, गोंद मऊ होतो आणि थेंब आणखी आत सरकतात.

दूधकट्टा (रात्री 10:50)

काढला. फुगलेला नाही. मेमरी कार्ड निघालं, पुसून लॅपटॉपला लावलं, बहिणीच्या लग्नाचे फोटो सगळे शाबूत. रेकॉर्डिंगं त्यात नाहीत, फोनच्याच मेमरीत आहेत. आईला तांदळाचं सांगितलं. ती सध्या माझ्याशी बोलत नाही.

कसबा_बावडा (रात्री 11:05)

एक वेगळीच काळजी. आबांचं बँकेचं सगळं त्याच नंबरवर असणार. उद्या कुणीतरी सांगेल "नवीन सिम काढा", ते उगाच करू नका. सिम पाण्यानं सहसा मरत नाही. हेच सिम घरातल्या एखाद्या जुन्या फोनमध्ये घाला. डुप्लिकेट सिम घेतलं तर पहिले 24 तास त्यावर मेसेज बंद असतात, म्हणजे ओटीपी येत नाही. माझ्या मामांचं असंच झालं, बिचारे दिवसभर बँकेवर चिडत बसले होते.

दूधकट्टा (रविवार, दुपारी 12:20)

सिम आईच्या जुन्या फोनमध्ये टाकलं, गिऱ्हाइकांचे पैसे जमा झाल्याचे मेसेज यायला लागले. आबांचा जीव थोडा खाली बसला.

सकाळी एका दुकानात गेले. त्यांनी फोन उघडलासुद्धा नाही. म्हणाले, बोर्ड डेड आहे, मेमरीची चिप काढून दुसऱ्या मशिनवर वाचू, आठ हजार, पैसे आधी. हे खरंच होतं का? आठ हजार द्यायची तयारी आहे, पण फसायची नाही.

सोल्डरगन (दुपारी 12:34)

तिथून फोन उचला आणि निघा. जुन्या फोनमध्ये हे व्हायचं. अँड्रॉइड 10 पासून नव्यानं बाजारात आलेल्या फोनांत आतला डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेलाच असतो, आणि तुमचा 2021 चा म्हणजे त्याच काळातला. कुलपाची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये, आणि वर तुमचा पॅटर्न. चिप एकटी काढून वाचली तर नुसता कचरा मिळेल, आणि ती काढताना ब्लोअरच्या उष्णतेनं बोर्ड बिघडला तर उरलीसुरली आशाही गेली. तुमच्या आबांचा आवाज परत हवा असेल तर हाच बोर्ड, याच प्रोसेसर-मेमरीसकट, एकदा तरी जिवंत करावा लागेल. अर्धा तास चालला तरी पुरे.

दुसरीकडं नेताना असं बोला: "फोन दुरुस्त नको, फक्त डेटासाठी एकदा चालू करून द्या." मग विचारा की बॅटरीचा कनेक्टर आधी काढणार ना, पत्र्याचे शिल्ड उघडून खाली धुणार ना, आणि कशानं धुणार. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, 99 टक्क्यांचं, असं उत्तर आलं तर बसा. थिनर म्हणाले तर उठा. आणि तुमच्यासमोर उघडायला तयार असलेला माणूस शोधा. माझ्या मते हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकीची उत्तरं पाठ करता येतात.

आबांना पॅटर्न आठवतोय ना? फोन नव्यानं चालू झाला की पहिल्यांदा अंगठा चालत नाही.

दूधकट्टा (दुपारी 12:41)

आठवतो. दर तीन दिवसांनी फोन मागतोच, आणि दर वेळी आबा त्याला शिवी घालतात. पॅटर्न म्हणजे इंग्रजी एल. आता सगळ्या कोल्हापूरला कळला.

बिंदू_चौक_कट्टा (दुपारी 1:15)

म्हणून फोन घेतानाच आयपी68, म्हणजे पाणी आत न जाण्याचं रेटिंग, बघून घ्यावा. माझा आहे, मी रंकाळ्यात टाकून दाखवू शकतो.

सोल्डरगन (दुपारी 1:22)

नाद करू नका साहेब. ती चाचणी नव्या फोनची, स्वच्छ गोड्या पाण्यात, कंपनीनं ठरवलेल्या खोलीला. फोन दोन-चारदा आपटला, एकदा डिस्प्ले बदलला, की कडेचं सील आधीसारखं राहत नाही. आणि पाणी गेलंच तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. सिमच्या खाचेत पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल होतो. तो बघून परत पाठवतात.

दूधकट्टा (रविवार, संध्याकाळी 6:10)

राजारामपुरीत एक जण मिळाले. साठीचे असतील, चष्म्यावर आणखी एक भिंग लावून बसतात. "उघडतो, बसा समोर" म्हणाले. पाठ गरम करून उघडली, आधी बॅटरी सोडवली. चार्जिंगच्या कनेक्टरजवळ सोल्डरगन म्हणाले तशीच हिरवट साय, आणि एका कोपऱ्यात चक्क वाळू. शिल्ड काढले, ब्रशनं आयपीए लावलं, मग कसल्याशा थरथरणाऱ्या टाकीत बोर्ड ठेवला. "आज वाळू दे, उद्या बघू. आधी पैसे नकोत, उठला तर द्या."

सोल्डरगन (संध्याकाळी 6:25)

अल्ट्रासोनिक टाकी. योग्य माणसाकडं पोचलात. उद्या घाई करू नका त्यांना.

दूधकट्टा (सोमवार, रात्री 8:30)

लांबलचक लिहिते, कारण मला स्वतःला हे बघताना मजा आली.

दुपारी सुट्टी टाकून गेले. त्यांनी बॅटरीच्या जागी एका पॉवर सप्लायच्या दोन वायरी जोडल्या. बटण न दाबताच काटा उसळला. म्हणाले, बंद फोननं जवळजवळ काहीच करंट ओढायला नको, हा पितोय, म्हणजे कुठंतरी शॉर्ट आहे. मग बोर्डावर आयपीएचा पातळ थर दिला आणि थोडा करंट सोडला. सगळीकडं ओलं चमकत होतं आणि एका ठिकाणी, मोहरीपेक्षाही लहान एका कपॅसिटरवर (बोर्डावरचा एक बारीक भाग), ते आधी उडून गेलं. जिथं शॉर्ट तिथं तापतं. तो कण चिमट्यानं उचलून बाजूला ठेवला. मी विचारलं, दुसरा बसवणार नाही? "त्या लायनीवर त्याचं भाऊबंद हायत अजून. डेटापुरतं चालतंय."

डिस्प्ले पूर्ण गेलेला होता, त्यांनी दुकानातला जुना फोल्डर (डिस्प्ले आणि काचेचा जोड) नुसता टेकवून जोडला. नाव आलं. एल काढला. आबांच्या मोबाईलवरचा जोतिबाचा फोटो दिसला तेव्हा मी दुकानात मोठ्यानं "अहो आला!" म्हणाले, शेजारच्या स्टॉलवरचा माणूस बघायला आला. केबल लावली, फाइल ट्रान्सफर निवडलं, 48 रेकॉर्डिंगं लॅपटॉपवर. सगळी उघडली. चार्जिंगची आयसी (चिप) अजून तापतेय, त्यामुळं हा फोन वापरायचा नाही असं त्यांनी बजावलं. 1,200 रुपये घेतले. मी जास्त देत होते, नाही म्हणाले.

सोल्डरगन (रात्री 8:44)

जबरदस्त. त्यांना सांगलीचा नमस्कार सांगा. बॅटरी फोनमध्ये परत लावून कपाटात ठेवू नका, ई-कचऱ्यात द्या.

कसबा_बावडा (रात्री 9:02)

आता आबांना सांगा की रेकॉर्डरऐवजी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच बोलून पाठवा. रोजचा बॅकअप लावून ठेवला की रात्री आपोआप गूगलवर चढतो, फोन परत नदीत गेला तरी हिशोब राहतो.

दूधकट्टा (मंगळवार, सकाळी 7:15)

सांगितलं. "त्या हिरव्या डब्ब्यात माझं बोलणं नगो," असं उत्तर आलं. मग भावानं नव्या फोनमधलं रेकॉर्डरचंच फोल्डर रोज वर चढेल अशी सोय केली, आबांना न सांगता.

आणि एक राहिलं. रेकॉर्डिंगं मिळायच्या आधी, रविवारी रात्री, मी आबांना तोंडी हिशोब विचारून ठेवला होता, काहीच मिळालं नाही तर म्हणून. काल रात्री दोन्ही ताडून बघितले. सव्वीस घरांचे अठ्ठेचाळीस दिवस, फरक निघाला साडेतीन लिटरचा. तोही मास्तरांच्या बाजूनं.

रंकाळा_चौपाटी (सकाळी 7:40)

आणि घनसाळ?

दूधकट्टा (सकाळी 7:52)

घाटाचं पाणी लागलेला, म्हणून मी टाकून द्यायला निघाले होते. आईनं हातातनं डबा काढून घेतला आणि म्हशीच्या आंबोणात घातला. म्हणाली, "तिच्यापायी फोन पडला, तिनंच खाऊ दे."