बरणीत सावरक्राउट घालायचंय, दादरा बांधू का?

नमस्कार मंडळी,

लिस्टवर नवीन आहे, मार्चपासून श्टुटगार्टला वाइहिंगेनमध्ये राहतेय. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. परवा खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्या हातात एक कोबी ठेवला. गोल नाही, टोकदार, देवळाच्या कळसासारखा, आणि काट्यावर ठेवला तर चार किलो दोनशे! म्हणाल्या याचं क्राउट, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, कर. मी मान डोलावली कारण माझं जर्मन अजून मान डोलावण्यापुरतंच आहे. आता दोन दिवस तो ओट्यावर बसलाय. आईने येताना दिलेली चिनी मातीची लोणच्याची बरणी आहे, पाच किलोची, तिच्यात घालून वर दादरा बांधला तर चालेल का?

अजून एक, डिसेंबरात आईबाबा येतायत. बाबा सगळं खातात, आई पक्की शाकाहारी. बाहेर जेवायला गेलो तर तिला सावरक्राउट तरी निर्धास्त मागवता येईल ना, कोबी आणि मीठच तर असतं? आणि बाबांसाठी वुर्स्टचं, म्हणजे इथल्या सॉसेजचं, कोणीतरी नीट सांगा प्लीज, नवरा सात महिने नुसता करीवुर्स्ट खातोय, त्याला विचारण्यात अर्थ नाही.

— वाइहिंगेन

-----

अगं, आधी आईचं सांगते कारण त्यात मी स्वतः पोळलेय.

बाहेरचं क्राउट निर्धास्त अजिबात नाही! कच्चं असतं तेव्हा कोबी आणि मीठच, पण शिजवताना त्यात श्माल्त्स म्हणजे डुकराची चरबी नाहीतर श्पेकचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे जातात, तीच इथली फोडणी समज. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा एका गावातल्या जुन्या खानावळीत मी विचारून विचारून मागवलं, मांस नाही ना, तर बाई म्हणाली नाही नाही, भाजीच आहे. सासूबाईंनी चार घास खाल्ले, छान आंबट आहे म्हणाल्या, आणि पाचव्या घासाला काट्याला गुलाबी चौकोन लागला. मी बाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, "नुअर आइन बिस्शेन." म्हणजे थोडंसंच आहे हो! त्यांच्या लेखी श्पेक म्हणजे मांस नव्हेच, चवीपुरता. तेव्हापासून मी "मांस आहे का" असं विचारतच नाही, "श्पेक आहे का, श्माल्त्स आहे का" असं नाव घेऊन विचारते. श्वाबेनमध्ये, म्हणजे आपल्या श्टुटगार्टच्या भागात, लिन्झन मिट श्पेत्स्लं मिळतं, मसुराची घट्ट आमटीच, सोबत श्पेत्स्लं म्हणजे अंड्याच्या पिठाच्या शेवया, वरून व्हिनेगर, बाजूला सायटनवुर्स्टची, म्हणजे बारीक लांब सॉसेजची, जोडी. सायटन नको म्हटलं तरी डाळीत श्पेक असू शकतो, तिथेही विचारायचं.

आता तुझा कोबी. तो साधासुधा नाही, फिल्डरक्राउट आहे, तुमच्या दक्षिणेला विमानतळाभोवती जे सपाट पठार आहे ना, ते फिल्डर, तिथला. पानं पातळ, शिरा बारीक, चव गोडसर. टोकदार असल्यामुळे मशीनला नीट बसत नाही म्हणून फॅक्टरीवाल्यांना गोल कोबी आवडतो आणि हा मागे पडला. लाइनफेल्डन-एश्टरडिंगेनला ऑक्टोबरात त्याचा उत्सव असतो, जाऊन ये, क्राउट घातलेले शुपफनुडेल्न, म्हणजे बटाट्याच्या बोटभर वळकट्या, तव्यावर परतून देतात. आजींनी तुला चांगलीच वस्तू दिलीय, त्यांना डबाभर परत द्यायला विसरू नकोस.

बरणी चालेल, उत्तम चालेल. बाहेरची दोन-तीन पानं अख्खी बाजूला ठेव, मधला दांडा काढ, उरलेला जमेल तेवढा बारीक चीर. मग वजन कर, आधी नाही, आणि किलोला वीस ग्रॅम जाडं मीठ, आयोडीन नसलेलं. तुझा साडेतीन किलो भरला तर सत्तर ग्रॅम. अंदाजपंचे टाकू नकोस, कमी पडलं तर क्राउट मऊ पडतं. मग परातीत घेऊन चुरायचं, आपण कोशिंबिरीला काकडी चुरतो तसं नाही, कणीक तिंबतो तसं, दहा-पंधरा मिनिटं, मनगटं दुखेपर्यंत. आधी काही होत नाही, वाटतं की चुकलं, आणि मग एकदम पाणी सुटायला लागतं, मूठ दाबली की बोटांतून गळतं. वरून पाणी घालायचं नाही. जुनिपरचे आठ-दहा दाणे, तमालपत्र एखादं, थोडं कारावे (जिऱ्यासारखं दिसणारं बी), बस. हळद आणि मेथीला हात लावायचा नाही, मला माहितीय मोह होतो.

बरणीत थोडं थोडं घालून मुठीने ठोकून बसव. वर ती अख्खी पानं, वर उपडी बशी, बशीवर उकळून घेतलेला गोटा. पाणी कोबीच्या वर दोन बोटं राहिलं पाहिजे, सगळी गोम इथे आहे. लोणच्यात वर तेलाचा थर असतो ना, इथे तेच काम हे खारं पाणी करतं. हवा लागली की बुरशी. नुसता दादरा बांधून लोणच्यासारखं निवांत सोडून दिलंस तर फसशील, बांध पण दर दोन-तीन दिवसांनी उघडून बघ. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर घाबरू नकोस, तो काढून टाकायचा, पण हिरवं काळं लव आलेलं दिसलं तर सगळं फेक, जीव अडकवू नकोस. इथल्या लोकांकडे गेअरटोप्फ असतो, तोंडाशी खोबण, खोबणीत पाणी आणि त्यात झाकण, आतला वायू बुडबुड करत बाहेर येतो पण बाहेरची हवा आत जात नाही.

मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला, फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून गच्च आवळून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवलं. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांची चिठ्ठी आली की तुमच्या केलरमधून काहीतरी वाहतंय. पाणी सायकलींखालून थेट त्यांच्या बटाट्यांपर्यंत गेलेलं! त्यामुळे बरणी ताटात ठेव आणि झाकण आवळू नकोस. पहिला आठवडा घरात, साधारण अठरा-वीस डिग्रीला, मग थंड जागी चार ते सहा आठवडे. विरजण लागत नाही, कोबीच्या पानावरचेच जिवाणू काम करतात. सुरुवातीला जो काम करतो तो ल्युकोनोस्टॉक आपल्या इडलीच्या पिठातही असतो, म्हणून आईला सांग की हे काही परकं नाही, इडलीचं चुलतभावंड आहे.

आईला कसं घालशील ते पण सांगते, पिळून घे, तेलात मोहरी हिंग सुकी मिरची, दोन मिनिटं परत, चिमूटभर साखर, मीठ नाही. नाहीतर थालीपीठाच्या पिठात घाल, त्याच्यापुढे मला बाकी काही आठवत नाही.

— एस्लिंगेन

-----

ताईंनी कोबीचा प्रबंध लिहिला, मी वुर्स्टपुरतं बोलतो.

बाबांना न्युर्नबर्गला घेऊन या. इथला रोस्टब्राटवुर्स्ट करंगळीएवढा, सात ते नऊ सेंटिमीटर, वीस-पंचवीस ग्रॅमचा, आणि 2003 पासून युरोपियन कायद्याने हे नाव फक्त शहराच्या हद्दीत केलेल्यालाच लावता येतं. एवढा बारीक का, तर म्हणे दुकान बंद झाल्यावर कुलपाच्या भोकातून गिऱ्हाइकाला देता यावा म्हणून, खरंखोटं देव जाणे. बीचच्या लाकडावर भाजतात, कथलाच्या ताटलीत सहा, आठ, दहा किंवा बारा असे येतात, बाजूला क्राउट आणि किसलेला मेअरेटिष, म्हणजे हॉर्सरॅडिशचं तिखट मूळ, तो नाकात जातो, बाबांना आधी सांगा. रस्त्यावर उभ्याने खायचं तर "द्राय इम वेग्ला" म्हणायचं, पावात तीन.

आणि त्यात जो वास येतो तो मायोरानचा, म्हणजे आपला मरवा हो! लहानपणी बहिणीच्या गजऱ्यात असायचा तोच. तीस वर्षं इथे आहे, अजून पहिल्या घासाला लग्नघर आठवतं, बायको म्हणते तुम्हाला कशावरूनही काहीही आठवतं.

घरी भाजलात तर काट्याने टोचू नका, रस पिचकारीसारखा निखाऱ्यात जातो आणि हातात चामडं राहतं. थ्युरिंगेनवाल्यांपुढे मात्र न्युर्नबर्गचं कौतुक करू नका, त्यांचा वीतभर लांब असतो आणि आर्नश्टाटच्या मठाच्या 1404 च्या हिशेबात ब्राटवुर्स्टच्या आतड्यांचा खर्च लिहिलेला आहे, तो कागद ते दर वेळी काढतात.

मुलं क्राउटला नाक मुरडत असतील तर कॅप्टन कुकची युक्ती करा. 1768 च्या सफरीत स्कर्व्ही होऊ नये म्हणून पिंपं भरून क्राउट नेलं, खलाशी हात लावेनात, मग त्याने ते रोज ऑफिसरांच्या टेबलावर ठेवायला लावलं आणि खलाशांना म्हटलं हवं तर घ्या, नको तर राहू द्या. थोड्याच दिवसांत माणशी वाटप ठरवून द्यावं लागलं. आमच्याकडे नातवावर चाललं.

— न्युर्नबर्गवाले काका

-----

काका, म्युनिकला वगळून वुर्स्टपुराण कसं पुरं होईल? वाइसवुर्स्टमध्ये जायपत्री असते, लिंबाची साल असते, काही खाटीक वेलची पण घालतात, म्हणजे अर्धा मसाल्याचा डबा आपलाच. उकळायचा नाही, पाणी उकळून गॅस बंद करून दहा मिनिटं आत ठेवायचा, उकळलात की फुटतो. वरचं कातडं खायचं नाही, पारंपरिक पद्धत म्हणजे एक टोक तोडून चोखायचं, रायवळ आंबा चोखतो अगदी तसं. बाबा पहिल्या फटक्यात जिंकतील. सोबत गोड मोहरी आणि ब्रेत्सन (वेटोळ्याचा खारा पाव), आणि दुपारच्या बाराच्या घंटेआधी, फ्रिज नव्हते तेव्हाचा नियम, अजून पाळतात. क्राउट मात्र याच्यासोबत मागू नका, वेटर असा बघतो की जणू पुरणपोळीबरोबर ठेचा मागितलात.

फक्त एक, यात वासराचं मांस असतं. बाबा "सगळं" खातात म्हणजे हे पण का, ते आधी विचारून घ्या.

— म्युनिक

-----

आणि फ्रांकफुर्टला त्याच्याही पुढचा प्रकार, इथली रिंड्सवुर्स्ट पूर्ण गोमांसाची. म्हणजे डुक्कर नको असेल त्यांची सोय आणि गाय नको असेल त्यांची पंचाईत, काउंटरवर वाचून घ्या.

मी म्हापशाचा, त्यामुळे माझं मत कोणी विचारलेलं नाही तरी देतो. इथले सगळे वुर्स्ट चांगले, पण आमच्या चोरीससारखा, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजसारखा, एकालाही ठसका नाही. शुक्रवारच्या बाजारात माळा टांगलेल्या असतात, व्हिनेगर आणि लाल मिरची, घरी आणून कांदा-बटाट्याबरोबर शिजवायचं. मागे मी इथल्या साध्या ब्राटवुर्स्टचं सारण काढून त्यात मिरची-व्हिनेगर घालून बघितलं. नाही जमलं. पण ताईंच्या क्राउटबरोबर पावात भरलं तेव्हा पाहुण्यांनी तिसऱ्यांदा मागितलं, मी गप्प बसलो.

— फ्रांकफुर्ट

-----

मंडळी, उशिरा लिहितेय, सॉरी.

तीन किलो सहाशे भरला, बहात्तर ग्रॅम मीठ घातलं. गोटा नव्हता म्हणून नवऱ्याचं दोन किलोचं डंबेल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं. चौथ्या दिवशी घरात असा वास सुटला की नवरा म्हणाला ड्रेनेज बघायला बोलावू या, मग बरणी बाल्कनीच्या कोपऱ्यात गेली. दोनदा पापुद्रा काढला. सहाव्या आठवड्यात उघडलं तर वास एकदम बदललेला, स्वच्छ आंबट, आणि अजून करकर वाजतंय दाताखाली.

आजींना डबा दिला. त्यांनी उभ्याउभ्या बोटाने उचलून खाल्लं, म्हणाल्या मीठ बरोबर, चिरणं जाड. म्हणजे मला कळलं तेवढं.

आई परवा आली. मी काही सांगितलं नव्हतं, तिने बरणी ओळखली आणि दादरा सोडून वाकून वास घेतला, मला वाटलं आता नाक धरेल, तर विचारते, "यात मेथी का नाही घातलीस?" काल थालीपीठ झालं. बाबा शनिवारी न्युर्नबर्गला निघालेत, काका, गाडी साडेअकराला पोचते, बारा वुर्स्टची ताटली घेणार असं आत्तापासून ठरलंय. वाइसवुर्स्ट नको म्हणाले.

आणि दीड किलो क्राउट उरलंय, कुणाला हवं असेल तर रविवारी संध्याकाळी घरी या, डबा आपापला आणा, माझे सगळे आईने आणलेल्या चिवड्यात अडकलेत.

— वाइहिंगेन