चपट्या चामखिळी : बायोप्सीआधी डर्मोस्कोप

मुलाच्या कपाळावरच्या बारीक चपट्या पुळ्या चामखिळीच आहेत का हे ठरवायला बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं) करावीच लागते का, असं विचारलंय. बहुतेक वेळा नाही, आणि लहान मुलाच्या चेहऱ्यावर व्रण राहू नये म्हणून आधी डर्मोस्कोपीचा, म्हणजे डर्मोस्कोपने त्वचा तपासण्याचा, आग्रह जरूर धरा.

डर्मोस्कोप म्हणजे साधारण 10 पट मोठं दाखवणारं, स्वतःचा प्रकाश असलेलं भिंग. चपट्या चामखिळीत फिकट तपकिरी किंवा पिवळसर पार्श्वभूमीवर सारख्या अंतरावर बारीक लाल ठिपके दिसतात. ते केशवाहिन्यांची टोकं असतात. भिंग जोरात दाबलं की ठिपके गायब होतात, त्यामुळे हात हलका हवा. अशाच दिसणाऱ्या इतर पुळ्या यावरून वेगळ्या ओळखता येतात: मोलस्कममध्ये (विषाणूमुळे येणाऱ्या गोलसर पुळ्या) मधोमध पांढरट-पिवळा गोळा आणि कडेने रक्तवाहिन्या दिसतात; लायकेन प्लेनसमध्ये (त्वचेचा एक दाहजन्य आजार) पांढऱ्या रेषांची जाळी.

शंका उरलीच तर कॉन्फोकल मायक्रोस्कोपी आहे. लेसरच्या प्रकाशात ती वरच्या सुमारे 200 मायक्रॉनपर्यंतच्या (0.2 मिलिमीटर) पेशी त्वचा न कापता दाखवते. चपटी चामखीळ तेवढ्यातच असते. पण यंत्र मोजक्याच ठिकाणी मिळतं, आणि मुलाला काही मिनिटं स्थिर बसावं लागतं.

पुळ्या एका रेषेत उमटल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. चामखीळ विषाणूमुळे होते, आणि खाजवल्याने तो तसाच रेषेत पसरतो.