आजोबांचं धोतर हिरवं का? घरच्या इंकजेटवर ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढावी की नाही

खिडकीतला_उजेड

मत आधीच सांगून टाकतो: साध्या घरगुती इंकजेटवरही ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट छान निघते. फक्त ती अगदी शुद्ध काळी-पांढरी असावी हा हट्ट सोडायचा.

आजोबांचा एक फोटो आहे. ओसरीवर बसलेत, मांडीवर पानाचा डबा, हातात अडकित्ता. १२० ची (मोठ्या रुंद फिल्मची) निगेटिव्ह स्कॅन केली आणि सहा रंगांच्या टँकवाल्या प्रिंटरवर ए४ काढली. रात्री ट्यूबलाइटखाली बघतो तर धोतर शेवाळलेलं. सकाळी खिडकीपाशी नेलं तर तेच धोतर गुलाबी! आई म्हणाली, "होळी खेळून आलेत का रे?"

भानगड अशी की या मशीनमध्ये काळी शाई एकच. बाकी सायन, मजेंटा, पिवळी, आणि सायन-मजेंटाच्या दोन फिक्या बहिणी. मधले करडे टोन मशीन बरेचसे या रंगांच्या मिश्रणातून जमवतं. तोल जरा ढळला की करड्यात हिरवी नाहीतर गुलाबी झाक आली. वर प्रत्येक उजेडात शाया वेगळ्या वागतात, म्हणून झाक जागेप्रमाणे बदलते. याला मेटामेरिझम म्हणतात. रंगीत फोटोत हे खपून जातं, इथे लपायला जागाच नाही.

तीन आठवडे डोकं फोडलं. नोझल चेक (शाईची छिद्रं तुंबलीत का ते बघणं), कागदाच्या कंपनीचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल), आणि कलर मॅनेजमेंट फोटोच्या सॉफ्टवेअरकडे देऊन प्रिंटर ड्रायव्हरमधलं बंद (दोन्हीकडे चालू राहिलं की दुरुस्तीवर दुरुस्ती होते, मी आधी तेच करत होतो). मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापली. सगळ्यात गडद चार पायऱ्या एकच दिसत होत्या, म्हणजे माझ्या सावल्या बुजत होत्या. त्या थोड्या उघडल्या आणि अडकित्त्याची पितळी मूठ दिसायला लागली. तरी हिरवं जाईना. शेवटी फोटोला मुद्दाम हलकी तपकिरी छटा दिली, आणि डोळ्याला एकदम पटलं. उजेड बदलला की ती किंचित इकडेतिकडे होते, पण तपकिरीत ते जाणवत नाही.

तुम्ही काय करता?

डार्करूमवाला

म्हणजे भाजी बिघडली म्हणून वर मसाला ओतलात. रंगामुळे आलेला दोष आणखी रंग घालून झाकायचा, वा!

मी २० वर्षं लाल दिव्याखाली हात भिजवलेत. आधी उटीच्या कारखान्याचा 'इंदू' फोटो कागद, नंतर इलफर्ड कंपनीचा. डेव्हलपरमध्ये कोरा कागद हलवताना आधी डोळे येतात, मग मिशा. तिथे चित्र चांदीचं असतं, एकाच पदार्थाचं. सायन-मजेंटाचा तोल सांभाळायचा प्रश्नच नाही. तुमची प्रिंट ग्लॉसी असेल तर जरा तिरपी धरून बघा. पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेल्या) शाईच्या प्रिंटवर तर काळ्या भागात तांब्यासारखी चकाकी दिसते. ब्राँझिंग म्हणतात त्याला. आमच्या फायबर कागदावर (प्लास्टिकचा थर नसलेल्या डार्करूमच्या कागदावर) तसलं काही नाही.

खिडकीतला_उजेड

काका, माझ्या शाया डाय (विरघळलेल्या रंगाच्या) आहेत, त्यामुळे ती चकाकी नाही. (फिकट पडायची भीती आहे, ते कबूल. काचेमागे आणि उन्हापासून लांब लावणार.)

पण आता 'इंदू' आणू कुठून? उटीचा कारखाना कधीच बंद पडला. इलफर्ड मिळतो, पण दोन खोल्यांच्या घरात मोरीला काळे पडदे लावले तर आई मलाच बाहेर काढेल. आणि लॅबमध्ये दिलं तर ते बहुतेक वेळा रंगीत फोटोच्याच कागदावर छापून देतात. तिथेही झाक येते, आणि ती दुरुस्त करायची सोय माझ्या हातात नसते.

बरायटाप्रेमी

मी फाइन आर्ट प्रिंटिंगचं काम करते, म्हणून राहवत नाही. दादा, तुमचा निष्कर्ष इंकजेटबद्दलचा नाही, तुमच्या मशीनबद्दलचा आहे. "शुद्ध करडा मिळत नाही" हे एका काळ्या शाईपुरतं खरं. एप्सनने २००५ च्या आसपास के३ शाया आणल्या, त्यात एकाच वेळी तीन काळ्या चालतात: गडद, फिकी, आणखी फिकी. ड्रायव्हरमधला अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड लावला की करडे टोन मुख्यतः या तिघींतून येतात, रंगीत शाई चवीपुरती. झाक नीट आवरते. बजेट नसेल तर आता टँकवाल्यांतही करडी शाई आहे: कॅननचा जी५७०, एप्सनचा एल८१८०. तपकिरी छटा आवडली म्हणून द्या, नाइलाज म्हणून नको.

दुसरं, कागदाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत आणि निम्मी लढाई तिथेच असते! मॅट कागदावर काळ्याची घनता (काळं किती गडद त्याचं माप) साधारण १.६-१.७ ला अडते, चांगल्या बरायटावर (पांढऱ्या खनिजाचा थर असलेल्या चकचकीत कागदावर) २.२ च्या पुढे जाते. हे लॉगचे आकडे आहेत, एकाची वाढ म्हणजे दहापट. म्हणजे मॅटवरचं काळं तिप्पट-चौपट जास्त उजेड परत फेकतं. म्हणून ते कोळशासारखं दिसतं आणि बरायटावरचं डांबरासारखं. त्यातून मॅटवर फोटो ब्लॅक (ग्लॉसी कागदासाठीची काळी) शाई वापरलीत तर आणखीच मेलेलं. तिथे मॅट ब्लॅकच लागते.

आणि फार शुभ्र, निळसर कागद घेऊ नका. त्यात ब्राइटनर (कागद शुभ्र दाखवणारी रसायनं) असतात. उन्हात लखलखतात, पिवळ्या बल्बखाली गप्प बसतात. तुमच्या धोतराच्या गुलाबीत थोडा हात कागदाचाही असेल.

काटकसर

एवढा खर्च कशाला? ड्रायव्हरमध्ये 'फक्त काळी शाई' निवडा. रंगच नाही तर झाक कुठली?

बरायटाप्रेमी

झाक जाते, ठिपके येतात. फिकट भागात एकट्या काळ्या शाईला विरळ ठिपके टाकावे लागतात, त्यामुळे गालावर आणि आभाळात मिरपूड शिंपडल्यासारखं दिसतं. बऱ्याच मशीनमध्ये फोटो पेपर निवडला की हा पर्याय मिळतही नाही, ग्रेस्केलची खूण करूनही आतून रंग वापरला जातो.

काटकसर

मिरपूड चालते मला. पावसातली दादर स्टेशनबाहेरची गर्दी अशीच छापली, हाय स्पीड फिल्मसारखी दिसते. सगळेच फोटो आजोबांचे नसतात.

बरायटाप्रेमी

हे मात्र मान्य. हातभर अंतरावरून बघणार असाल तर.

रत्नागिरीकर

आमच्याकडे तुमचे वाद सुरू व्हायच्या आधी नोझल तुंबतं. आठवड्याला एक रंगीत पट्टी छापायचीच, नाहीतर काळी चालते आणि फिकी मजेंटा संपावर. हेड क्लीनिंग सारखं करू नका, शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई टिपणाऱ्या पॅडमध्ये) जाते आणि पॅड भरला की मशीनच बसतं. श्रावणात कागद झिपच्या पिशवीत ठेवा. प्रिंट लगेच फ्रेम करू नका, निदान एक दिवस वाळू द्या. ओली असताना दिसते ती झाक खरी नव्हे.

नुसती_वाचणारी

बाळबोध प्रश्न: फोटो लागणार कुठे? आमच्या हॉलमध्ये पिवळट एलईडी आहे. तिथे सगळेच आजोबा तपकिरी दिसतात.

खिडकीतला_उजेड

ताई, हे आधी का नाही सुचलं! मी ट्यूबलाइट आणि खिडकीच्या मधे नाचत होतो, आणि लावायचाय देवघराबाहेरच्या भिंतीवर, पिवळ्या बल्बखाली. २१ पायऱ्यांची पट्टी आता तिथेच चिकटवली आहे. हिरवं जवळजवळ दिसत नाही, पण माझी तपकिरी छटा तिथे फार होते, चहा सांडल्यासारखी. निम्म्यावर आणतो. बरायटाप्रेमींच्या सांगण्यावरून दहा कागद मागवलेत, कमी ब्राइटनरचे. करडी शाईवाल्या मशीनचा विषय घरात अजून काढलेला नाही.

डार्करूमवाला

छटा निम्म्यावर, मग पाववर, मग नाहीच. येताय हळूहळू. ती निगेटिव्ह माझ्याकडे द्या, फायबरवर एक काढून देतो. दोन्ही शेजारी लावा.

खिडकीतला_उजेड

निगेटिव्ह कुरिअरने पाठवायची माझी छाती नाही, एकच आहे. रविवारी स्वतः घेऊन येतो. पण काका, अडकित्त्याची मूठ दिसली पाहिजे.

डार्करूमवाला

मूठ दिसेल. सुपारीही दिसेल.